नंदूस, झोप न येणाऱ्या डॉक्युमेंटऱ्यांबद्दल

प्रिय नंदू,

ऑपरेशन नीट पार पडलं हे वहिनींकडून कळलं होतंच. मग तुझा निरोप आला : 'सहा आठवडे घरकोंबडा. झोप येणार नाही अशा चार डॉक्युमेंटऱ्या सांग.' फोनवर चार नावं सांगून मोकळा झालो असतो, पण तू ती या कानानं ऐकून त्या कानानं सोडली असतीस, म्हणून हे पत्र. झोपेच्या बाबतीत तुझी ख्याती मला चांगली ठाऊक आहे. कॉलेजात असताना फिल्म सोसायटीच्या खेळाला तुला ओढत नेलं होतं. कुठल्याशा धरणाच्या बांधकामावर काहीतरी होतं. दहाव्या मिनिटाला तू घोरायला लागलास आणि पुढच्या रांगेतले गृहस्थ मागे वळून बघायला लागले. तुझ्याकडे नाही, माझ्याकडे!

दोष तुझा नव्हता, हे आज कबूल करतो. 'माहितीपट' या शब्दानं आपला घात केला. तो ऐकला की धीरगंभीर आवाजातला निवेदक, नकाशावर सरकणारे बाण आणि टनामागून टन आकडे डोळ्यांसमोर येतात. 'अनुबोधपट' त्यातल्या त्यात बरा, पण त्यालाही मास्तरांच्या छडीचा वास आहे. तेव्हा आपण डॉक्युमेंटरीच म्हणू. आताशा मी त्यात माहिती शोधत नाही. कॅमेऱ्यामागचा माणूस तिथे किती काळ राहिला आणि ज्यांचं आयुष्य त्यानं पडद्यावर आणलं त्यांचं देणं त्यानं कसं फेडलं, हे बघतो. पुढची नावं त्या हिशेबानं आली आहेत. तुझा हिशेब वेगळा असेल तर भांडू.

सुरुवात हसून कर. फैजा अहमद खान यांची 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (2008). यंत्रमागांच्या गावात शेख नासिर नावाचा एक अवलिया सुपरमॅनचं विडंबन काढायला निघतो. ट्रॉली नाही म्हणून सायकल, क्रेन नाही म्हणून बैलगाडी. सुपरमॅन कोण, तर यंत्रमागावर काम करणारा शफीक, अंगानं काडी. तू पोट धरून हसशील. पण बाई त्या मंडळींना हसत नाहीत, त्यांच्या बाजूला बसून हसतात, आणि हा फरक सांभाळणं महाकठीण असतं. शफीक पुढे फार जगला नाही. ते माहीत असताना दुसऱ्यांदा बघितली तेव्हा तीच दृश्यं मला हसू देईनात.

आता मुख्य गोष्ट. बाकी सगळं विसरलास तरी चालेल, पण 'अप' मालिका बघ. 1964 साली ब्रिटिश टेलिव्हिजनवर 'सेव्हन अप' नावाचा कार्यक्रम झाला. सात वर्षांची चौदा मुलं, काही बड्या घरातली, काही अनाथाश्रमातली. त्यांना विचारलं, मोठेपणी काय होणार, लग्न करणार का, पैसा म्हणजे काय. मूल सात वर्षांचं असतानाच पुढचा माणूस दिसतो, अशी एक जुनी म्हण कार्यक्रमवाल्यांनी हाताशी धरली होती आणि इंग्रजांच्या वर्गभेदावर बोट ठेवायचं होतं. एवढाच बेत, एकाच भागाचा. पण त्या वेळी मुलं निवडायला मदत करणारा मायकेल ॲप्टेड नावाचा तरुण 1970 मध्ये पुन्हा त्यांच्याकडे गेला, मुलं चौदा वर्षांची झाली होती तेव्हा. मग एकविसाव्या वर्षी गेला. मग अठ्ठाविसाव्या. असं करत 2019 मध्ये ती त्रेसष्टीला पोचेपर्यंत जातच राहिला. 2021 च्या जानेवारीत तो वारला. मध्यंतरी त्यानं हॉलिवूडमध्ये मोठमोठे सिनेमे केले, पण दर सात वर्षांनी या माणसांच्या दारात उभा राहायचा काही चुकला नाही.

त्यात टोनी आहे. सात वर्षांचा असताना म्हणतो, मी जॉकी होणार. होतोही थोडा वेळ, मग लंडनमध्ये टॅक्सी चालवतो. आणि नील आहे. सात वर्षांचा नील बघ, लखलखीत डोळ्यांचा, बोलताना उड्या मारणारा. म्हणतो, अंतराळवीर होईन, नाही जमलं तर बस चालवीन. पुढचं मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, की एकविसाव्या वर्षीचा नील पडद्यावर आला तेव्हा मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या, आणि अठ्ठाविसाव्याला बंदच केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं.

खोट आहे, आणि ती मोठी आहे. चौदांत मुली फक्त चार. 1964 साली बायका पुढे काय करतील याचा कुणी विचारच केला नव्हता. ॲप्टेडनं स्वतःच नंतर याबद्दल खंत बोलून दाखवली. त्या मुलींपैकी एकदोघी मोठ्या झाल्यावर त्याला कॅमेऱ्यासमोर फैलावर घेतात, आम्हाला नेहमी लग्न-संसाराचेच प्रश्न का विचारलेस म्हणून. त्यानं ती बोलणी कापली नाहीत. गंमत म्हणजे त्या चौदांतला एक जण एकविसाव्या वर्षानंतर मालिका सोडून गेला तो कायमचा, आणि स्वतः डॉक्युमेंटऱ्यांच्याच धंद्यात शिरला. त्याला आतली भानगड कळली असावी.

याच्या शेजारी आपल्या फिल्म्स डिव्हिजनची एक छोटी चीज ठेव. हो, तीच फिल्म्स डिव्हिजन, जिच्या रिळांच्या वेळी आपण पाय मोकळे करायला बाहेर जायचो. एस. एन. एस. शास्त्री यांची 'आय ॲम ट्वेंटी', 1967 ची. देश स्वतंत्र झाला त्या साली जन्मलेल्या, विशीतल्या पोरापोरींना विचारलंय, तुम्हाला काय वाटतं? सरकारी पैशातून निघालेली फिल्म, आणि पोरं काहीही बोलतात. कुणी देशावर जीव टाकणारं, तर कुणाला त्याचं फारसं काही पडलेलं नाही. वीसेक मिनिटांत संपते. संपल्यावर वाटतं, यांच्याकडे सात वर्षांनी कुणी का गेलं नाही?

'हनीलँड' (2019) रात्री बघ, दिवे मालवून. उत्तर मॅसिडोनियातल्या ओसाड गावात हातिजे नावाची बाई आजारी म्हाताऱ्या आईबरोबर राहते आणि रानमाशांचा मध काढते. अर्धा माझा, अर्धा तुमचा, असं माश्यांना सांगून. मग शेजारी एक मोठं खटलं येऊन राहतं, गुरं, पोरं, गोंगाट, आणि हाव. दोघे दिग्दर्शक तीन वर्षं तिथे येत-जात होते आणि चारशे तासांहून जास्त चित्रीकरण झालं. त्यांना तिची तुर्की बोली समजत नव्हती! तेव्हा संकलनाची सुरुवात त्यांनी शब्द बाजूला ठेवून, नुसतं दिसण्यावर केली. म्हणूनच की काय, ती भाषेवाचून कळते. 2020 च्या ऑस्करला ती उत्कृष्ट डॉक्युमेंटरी आणि उत्कृष्ट परभाषिक चित्रपट अशा दोन्ही गटांत नामांकित होती. मला त्याहून आवडलं ते हे, की पुढे हातिजेला बऱ्या गावात घर मिळवून द्यायला त्यांनी हातभार लावला.

देण्याघेण्याचा विषय निघालाच आहे तर 'द थिन ब्लू लाइन' (1988). तुझ्यासारख्या रहस्यकथावाल्याला ती सोडवणार नाही. 1976 साली डॅलसमध्ये एका पोलिसाचा खून झाला आणि रँडल ॲडम्स नावाच्या माणसाला फाशीची शिक्षा झाली, पुढे ती जन्मठेपेवर आली. एरल मॉरिस मुळात दुसऱ्याच विषयावर काम करत होता. कागद चाळता चाळता त्याला वाटलं, हा माणूस निर्दोष असावा. एकेक साक्षीदार कॅमेऱ्यासमोर बसतो आणि आपल्याच तोंडानं उघडा पडत जातो. खुनाचा प्रसंग पुनःपुन्हा रचून दाखवला आहे, प्रत्येक साक्षीप्रमाणे वेगळा. त्या काळी अनेकांना हे नाटक खटकलं. शेवट तर पडद्यावर नुसता एक छोटा टेपरेकॉर्डर आहे, आणि अंगावर काटा येतो. पुढच्याच वर्षी ॲडम्स सुटला, बारा वर्षांनी. सुटल्यावर त्यानं स्वतःच्या कहाणीच्या हक्कांवरून मॉरिसशीच कोर्टकज्जा केला. प्रकरण बाहेरच मिटलं. कृतघ्न म्हणशील, मीही म्हणालो होतो. नंतर वाटलं, बारा वर्षं ज्याची सही दुसऱ्यांच्या कागदांवर होती त्याला निदान आपली गोष्ट तरी आपल्या नावावर हवी असेल.

आणि हे बघताना डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस बरं का. या कलेच्या पायातच थोडी लबाडी आहे. 1922 च्या 'नानूक ऑफ द नॉर्थ'पासून सगळे धडे सुरू होतात. त्यातल्या एस्किमो नायकाचं खरं नाव नानूक नव्हतंच. बर्फाच्या घरात कॅमेऱ्याला उजेड पुरेना म्हणून घर अर्धंच बांधलं आणि कुटुंब बिचारं उघड्यावर झोपेचं सोंग घेत होतं. शिकारीला ती माणसं बंदुका वापरत होती, दिग्दर्शकानं त्यांच्या हाती आजोबांच्या काळातले भाले दिले. तरी मला तो आवडतो, कारण त्या माणसाचं हसू काही रचलेलं नाही. पण 1958 च्या 'व्हाइट विल्डरनेस'ला माफी नाही. लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी थव्यानं समुद्रात आत्महत्या करतात, ही समजूत त्या फिल्मनं घरोघर पोचवली. प्रत्यक्षात ते प्राणी दुसरीकडून आणून कड्यावरून लोटले होते. तिला ऑस्कर मिळालं! 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' (2012) मी दोनदा रडत पाहिली. मग कळलं, की जगानं विसरलेला म्हणून दाखवलेला तो गायक ऑस्ट्रेलियात चांगला लोकप्रिय होता आणि तिथे दौरेही करून आला होता. फिल्ममध्ये त्याचा उल्लेखही नाही. रडणं परत घेता येत नाही, म्हणून चिडलो.

काय दाखवायचं नाही हे ज्याला कळतं त्याच्यावर मी जास्त विश्वास ठेवतो. वेर्नर हेर्झोगच्या 'ग्रिझली मॅन' (2005) मध्ये अलास्कात अस्वलांबरोबर तेरा उन्हाळे काढलेला टिमथी ट्रेडवेल आहे. 2003 मध्ये अस्वलानंच त्याला आणि त्याच्या मैत्रिणीला मारलं. तेव्हा कॅमेरा चालू होता, पण भिंगावर झाकण होतं, म्हणून फक्त आवाज उरला. हेर्झोग हेडफोन लावून तो ऐकतो. आपल्याला दिसते त्याची पाठ, आणि समोर बसलेल्या ट्रेडवेलच्या जुन्या मैत्रिणीचा चेहरा. तो म्हणतो, बंद कर, आणि हे तू कधीही ऐकू नकोस. आपल्याला एक अक्षर ऐकू येत नाही. दुसरा कुणी असता तर जाहिरातीत तेच वाजवलं असतं.

आता आनंद पटवर्धन. नाव ऐकून तू म्हणशील, झालं याचं राजकारण सुरू. म्हण. 'हमारा शहर' (1985) मध्ये झोपडी पाडलेली एक बाई त्यांनाच झापते, की आमची चित्रं काढून तुम्ही नाव कमावणार, आम्हाला काय मिळणार. तो प्रसंग त्यांनी तसाच ठेवला. त्याच फिल्ममध्ये विलास घोगरे हे शाहीर गातात. 1997 च्या जुलैत मुंबईच्या रमाबाई नगरात, दलितांच्या वस्तीत, पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली आणि त्यानंतर काही दिवसांत घोगऱ्यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांनी कॅमेरा उचलला तो चौदा वर्षं खाली ठेवला नाही. ती 'जय भीम कॉम्रेड' (2011). तीन-एक तासांची आहे, पण त्यातल्या शाहिरीत आणि कोर्टाच्या तारखांत वेळ कसा जातो कळत नाही. आपल्या भाषेत एवढं गाणं आणि एवढी चीड एकत्र मी दुसरीकडे पाहिली नाही. त्यातल्या काहींशी माझे मतभेद आहेत, तुझे जास्त असतील. तरी बघ.

बाकीची घाईनं सांगतो. 'ऑल दॅट ब्रीद्स' (2022), दिल्लीच्या काळवंडलेल्या हवेत घारींवर उपचार करणारे दोन भाऊ. संथ आहे, दुपारी लावू नकोस, घोरशील. 'फ्री सोलो' (2018), दोराशिवाय तीनेक हजार फुटांचा कडा चढणारा गडी. त्याचं चित्रण करणाऱ्या मित्रालाच बघवेना म्हणून तो तोंड फिरवतो, तिथे तू माझी आठवण काढशील. 'शोआ' साडेनऊ तासांची आहे आणि तीत ज्यूंच्या संहाराचं एकही जुनं चित्र नाही, नुसती सांगणारी माणसं. ती आत्ता नको. हिंडूफिरू लागलास की मी येतो, दोघं मिळून चार दिवस बसू.

वहिनींना 'हनीलँड' नक्की दाखव, पण 'ग्रिझली मॅन'च्या वेळी त्यांना बाहेर पाठव. व्यायाम चुकवू नकोस. आणि 'अप'मधला अठ्ठाविसाव्या वर्षीचा नील भेटला की मला फोन कर, रात्रीचे कितीही वाजलेले असोत.

तुझा,
शिऱ्या