पैसे लावण्याआधी

धरमपेठ, नागपूर

चि. ऋजुतास,
अनेक आशीर्वाद.

तुझा पाककृतींचा ब्लॉग गुगलवर वर आणून देतो म्हणणाऱ्यांचं तू पाठवलेलं कोटेशन वाचलं. महिना पंधरा हजार, पाचशे बॅकलिंक (दुसऱ्या साइटांवरून तुझ्या ब्लॉगकडे येणाऱ्या लिंका) आणि 'तीन महिन्यांत गुगलच्या पहिल्या पानावर, गॅरंटीसह'. नाही म्हणून कळव. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगलने स्वतःच लिहून ठेवलंय. शिवाय हमी देणारा 'कोणत्या शब्दांसाठी पहिलं पान' ते कधीच कागदावर देत नाही. तुझ्या ब्लॉगचं नाव कुणी टाइप केलं तर तो फुकटातही पहिला दिसेल. बॅकलिंकांचं तर सोडूनच दे. त्या ज्या ओसाड साइटांवरून येतात तिथे माणूस फिरकत नाही. 2012 च्या एप्रिलमध्ये गुगलने 'पेंग्विन' नावाचा बदल आणला तो याच धंद्याला आळा घालायला. आता असल्या लिंका गुगल बहुतेक वेळा मोजतच नाही, म्हणजे पैसे पाण्यात. प्रकार फारच उघड असेल तर गुगलच्या माणसांकडून शिक्षा, म्हणजे 'मॅन्युअल अ‍ॅक्शन' येते आणि ती निस्तरत बसावं लागतं.

पैसे लावायचे की नाही ते शेवटी बघू. आधी तुझा ब्लॉग गुगलला दिसतो तरी का? सर्चमध्ये 'साइट' हा शब्द रोमन अक्षरांत, पुढे कोलन आणि मधे जागा न सोडता तुझं डोमेन टाइप कर. एकही पान आलं नाही तर वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' उघड. सर्च इंजिनांना परावृत्त करण्याची एक टिक तिथे खाली असते. साइट बनवताना लोक ती लावतात आणि नंतर काढायला विसरतात. मग सहा महिने वाट बघत बसतात, कुणीच का येऊन नाही राहिलं म्हणून.

मग सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट गुगलला कशी दिसते ते दाखवणारं गुगलचंच साधन. त्यात 'डोमेन' प्रकारची प्रॉपर्टी घे, म्हणजे www असो-नसो, सगळे पत्ते एकाच जागी मोजले जातात. ती पडताळायला डोमेन जिथून विकत घेतलंस तिथल्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) एक टेक्स्ट रेकॉर्ड टाकावा लागतो. तो कधी दहा मिनिटांत लागतो, कधी दोन दिवस घेतो, तेवढ्यासाठी पुसून पुन्हा टाकत बसू नको. पडताळणी झाली की साइटमॅप, म्हणजे सगळ्या पानांची यादी, दे. वर्डप्रेस 5.5 पासून तो आपोआप तयार होतो, वेगळं प्लगइन लागत नाही. 'क्रॉल केलं, पण सध्या इंडेक्स नाही' असा शेरा काही पानांपुढे दिसेल, म्हणजे गुगलने पान वाचलं पण आपल्या यादीत घेतलं नाही. टॅगची किंवा दोन ओळींची पानं असतील तर दुर्लक्ष कर. चांगल्या, सविस्तर पाककृतीपुढे तो आला तर मात्र त्या पानात काय कमी आहे ते बघायचं. 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' रोज दाबल्याने काही होत नाही.

आता एक गोष्ट जी मराठी ब्लॉगांत हमखास बिघडलेली असते, ती म्हणजे पानाचा पत्ता. तू शीर्षक देवनागरीत टाकतेस आणि वर्डप्रेस त्यावरूनच पत्ता बनवतं. देवनागरीतलं एक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो की अनुस्वार, यूटीएफ-8 मध्ये (संगणक अक्षरं साठवतो त्या पद्धतीत) तीन बाइट घेतं आणि पत्त्यात त्याची नऊ रोमन चिन्हं होतात, टक्केवाली. 'सांबारवडी' या एका शब्दाची 81. वर्डप्रेस पत्त्याच्या या भागाला 200 चिन्हांची मर्यादा घालतं. 'नागपुरी सांबारवडी कशी करायची' हे शीर्षक 228 वर जातं, म्हणून पत्ता 'कशी-कर' इथे तुटतो. गुगलला त्याचं काही वाटत नाही, देवनागरी पत्ते तो वाचतो. पण तोच पत्ता कुणी कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की चार ओळींची टक्केवारी दिसते, आणि एखाद्या मावशीला वाटतं हा व्हायरस आहे. तेव्हा पत्ता रोमन अक्षरांत ठेव, दोन-तीन शब्दांचा, बास. शीर्षक मात्र देवनागरीतच. जुन्या पोस्टचा पत्ता बदललास तर वर्डप्रेस जुन्यावरून नव्यावर स्वतः पाठवतं. 'पेज' असेल तर पाठवत नाही, तिथे 301 रीडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळण, हाताने टाकावा लागतो. ज्या जुन्या पानांवर आधीच लोक येतात त्यांना हात लावू नको.

शीर्षक लिहिताना सुरुवातीच्या पन्नास-साठ अक्षरांत पदार्थाचं नाव यायला हवं, कारण मोबाइलवर पुढचं कापलं जातं. 'आजीच्या हातची एक आठवण' हे शीर्षक सुंदर आहे, पण ते कुणी शोधत नाही. त्याला पोटशीर्षक कर. मेटा कीवर्ड (पानाच्या कोडमध्ये लपलेली शब्दांची यादी) भरू नको, गुगल ते वापरत नाही हे त्यांनी 2009 मध्येच सांगितलंय. तरी अजून कोटेशनांत ते दिसतं! मेटा डिस्क्रिप्शनने, म्हणजे शोधात शीर्षकाखाली दिसणाऱ्या वर्णनाने, क्रमांक वर जात नाही, पण वाचून क्लिक करणारा माणूस वाढतो, म्हणून दोन नीट वाक्यं लिही.

लोक काय टाइप करतात याचा अंदाज घरबसल्या बांधू नको. आपण कोथिंबिरीला सांबार म्हणतो, म्हणून सांबारवडी; पुण्याच्या मुलीला सांबार म्हणजे इडलीसोबतचा वाटतो. ती 'नागपूरची कोथिंबीर वडी' किंवा 'पुडाची वडी' शोधेल, तीही बऱ्याचदा रोमन लिपीत. ही सगळी नावं लेखात एकेकदा सहज येऊ दे, पहिल्या परिच्छेदात किंवा पोटशीर्षकात. एकच शब्द वीसदा कोंबू नको, वाचणाऱ्याला ते लगेच जाणवतं. गुगलच्या चौकटीत 'सांबारवडी' लिहून थांब आणि खाली काय सुचवतं ते बघ. पण खरा माल सर्च कन्सोलच्या 'परफॉर्मन्स' अहवालात आहे. त्यात सोळा महिन्यांपर्यंतचा डेटा राहतो. सरासरी क्रमांक 8 ते 20 मध्ये आहे आणि इम्प्रेशन (पान शोधात किती वेळा दिसलं तो आकडा) बरी आहेत असे शोध निवड. हे पान गुगलला पटलंय, फक्त थोडं कमी पडतंय. सारण पातळ का होतं, पारी (वरचं आवरण) का फाटते, तळताना वडी तेल का पिते, अशा प्रश्नांची उत्तरं त्या पानात घाल. नवीन पोस्ट टाकण्यापेक्षा या कामाला फळ लवकर येतं. एकाच पदार्थावर तीन पोस्ट असतील तर त्या एकमेकींच्या आड येतात. एक ठेव, बाकीच्या तिच्यात मिसळून रीडायरेक्ट कर.

वेळेचं बघ. सांबारवडी हिवाळ्यात, जुडी स्वस्त झाली की करतात. सोलेभात तुरीच्या शेंगा आल्या की. संत्र्याचा अंबिया बहार साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात बाजारात येतो, मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये. वाळवणाला मार्चपासून हात लागतो. पुरणपोळीचा शोध होळीला वाढतो आणि आपल्याकडे पोळ्यालाही. पान तयार होऊन स्थिरावायला वेळ लागतो, म्हणून हंगामाच्या सहा ते आठ आठवडे आधी ते टाकलेलं हवं. कुरडया-सरगुंड्यांचा लेख एप्रिलच्या उन्हात लिहिलास तर तो पुढच्या वर्षी उपयोगी पडेल. आणि दरवर्षी नवीन पान करू नको, त्याच पत्त्यावर सुधारणा कर. पत्त्यात सालही घालू नको.

फोटोंचं थोडक्यात. मोबाइलमधला चार-पाच एमबीचा फोटो थेट चढवतेस, तो 1200 पिक्सेल रुंदीचा, वेबपी या हलक्या स्वरूपात, दीडशे केबीच्या आत आण. पेजस्पीड इन्साइट्स या गुगलच्या वेग मोजणाऱ्या साधनावर मोबाइलचा आकडा बघ: पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा आणि उघडताना पान हलता कामा नये. सगळ्यात वरच्या फोटोला लेझी लोडिंग (खाली सरकल्यावरच फोटो उतरवणं) लावू नको, त्यानेच उशीर होतो. पाककृतीला 'रेसिपी' स्कीमा, म्हणजे हे पान पाककृतीचं आहे हे गुगलला सांगणारा कोड, लाव, म्हणजे शोधात फोटो दिसण्याची शक्यता वाढते. प्रश्नोत्तरांचा स्कीमा विकणारे अजून फिरतात. पण शोधात ते प्रश्न दाखवणं गुगलने 2023 मध्येच जवळपास फक्त सरकारी आणि आरोग्याच्या मोठ्या साइटांपुरतं ठेवलं.

आता वाटण्याचं. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकली की फोटो यायला हवा. त्यासाठी ओपन ग्राफचा (लिंकसोबत दिसणारा) फोटो 1200 बाय 630 चा आणि तीनशे केबीच्या आत ठेव. फेसबुकवर जुना फोटो अडकून बसला तर त्यांच्या शेअरिंग डीबगरमध्ये पत्ता टाकून पुन्हा वाचायला लाव. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जण बसतात, पण ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, म्हणून 'पाठवला पण पोचला नाही' असं होतं. सोसायटीच्या आणि शाळेच्या ग्रुपवर रोज लिंक टाकू नको. महिन्यातून एकदा, हंगामाचं काही असेल तेव्हा, आणि लिंकसोबत एक उपयोगाची ओळ: 'पारी फाटत असेल तर पीठ थोडं घट्ट भिजवा.' तेवढी ओळ वाचूनही लोकांना काही मिळालं पाहिजे. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही. ती बायोमध्ये नाहीतर स्टोरीच्या स्टिकरवर.

हे सगळे मंच दुसऱ्याच्या मालकीचे आहेत, नियम कधी बदलतील ते त्यांच्या हातात. ईमेलची यादी तेवढी तुझी. पाककृतीच्या खाली एक छोटी चौकट ठेव. 'न्यूजलेटर' म्हणू नको, 'हंगामाच्या आधी पाककृती मेलवर' म्हण. मेल जीमेलच्या पत्त्यावरून न पाठवता आपल्या डोमेनवरून पाठव, आणि मेल खरंच तुझ्याकडूनच आला हे पटवणारे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क हे तिन्ही रेकॉर्ड डीएनएसमध्ये असू दे. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल याबाबत कडक आहे. स्पॅमच्या तक्रारी हजारी तीनच्या खाली राहायला हव्यात. विकतची यादी घेतली की हे सगळं पहिल्या मेललाच मोडतं.

कुठून कोण येतं ते कळायला वाटायच्या लिंकांना यूटीएम, म्हणजे पत्त्याच्या शेवटी लावायच्या खुणा, जोड: स्रोत, माध्यम, मोहीम. सगळं लहान लिपीत, कारण मोठं आणि लहान अक्षर वेगळं मोजलं जातं आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या तीन ओळी होतात. आपल्याच साइटच्या आतल्या लिंकांना यूटीएम लावू नको, माणूस मुळात कुठून आला ती नोंद बिघडते. अ‍ॅनालिटिक्समध्ये (साइटवर कोण कुठून आलं ते मोजणारं गुगलचं साधन) डेटा ठेवण्याची मुदत दोन महिन्यांवर असते, ती आजच चौदा कर. मागचा हंगाम आणि हा हंगाम ताडून बघायला तेवढी लागतेच.

आणि पैसे. फेसबुकवरचं 'बूस्ट पोस्ट'चं निळं बटण दाबू नको, अ‍ॅड्स मॅनेजर उघड. लिंक क्लिकऐवजी 'लँडिंग पेज व्ह्यू' निवड, नाहीतर चुकून बोट लागलेल्यांचेही पैसे जातात. त्याला साइटवर पिक्सेल, म्हणजे फेसबुकचा मोजणीचा कोड, बसवलेला लागतो. ऑडियन्स नेटवर्क, म्हणजे फेसबुकबाहेर इतरांच्या ठिकाणी जाहिरात दाखवणं, बंद कर. नागपूर निवडण्यापेक्षा पुणे-मुंबईत राहणारी, विदर्भाच्या खाण्यात रस असलेली माणसं तुला जास्त हवीत, घरच्या चवीची आठवण त्यांना येते. पण आधी हिशोब कर. समज क्लिक तीन रुपयांना पडला आणि ब्लॉगवर दिसणाऱ्या जाहिरातींतून हजार पानं बघितली गेल्यावर साठ रुपये मिळाले, तर एका माणसावर तीन रुपये खर्चून सहा पैसे येतात. वर अठरा टक्के जीएसटी. नुसती पानं वाचायला माणसं विकत आणणं ब्लॉगला परवडत नाही. शंभर जणांतल्या पाचांनी ईमेल दिला तर एक पत्ता साठ रुपयांना पडला, हे मात्र एखाद्या वेळेस करून बघण्यासारखं आहे: रोज दोनशे, सात दिवस, एकाच चांगल्या पानावर. पुढे संत्रा बर्फीचा किंवा वाळवणाचा सशुल्क वर्ग काढलास तर गुगल अ‍ॅड्सचंही बघू. तेव्हा डिस्प्ले नेटवर्कची (इतर साइटांवर जाहिरात दाखवण्याची) टिक काढायची, ठिकाणाच्या पर्यायात 'त्या ठिकाणी असलेले' एवढंच ठेवायचं आणि 'जवळचं हॉटेल', 'भाव', 'ऑर्डर' हे शब्द निगेटिव्हमध्ये, म्हणजे ज्या शोधांना जाहिरात दिसू नये त्या यादीत, टाकायचे.

अ‍ॅडसेन्स (ब्लॉगवर जाहिराती लावून पैसे देणारी गुगलची सोय) लागल्यावर घरातल्या सगळ्यांना बजाव की प्रेमापोटी जाहिरातींवर क्लिक करू नका. असे क्लिक पकडले जातात आणि खातं बंद होतं, मावशीचा हेतू कुणी विचारत नाही. मसाल्याचं पाकीट कुणी फुकट पाठवून लिहायला सांगितलं तर वरच 'जाहिरात' असं स्पष्ट लिही. जाहिरात मानक परिषदेचे 2021 चे नियम आहेत, आणि ग्राहक व्यवहार खात्याचेही. त्या लिंकेला 'स्पॉन्सर्ड' हा गुणधर्म लाव, म्हणजे ती जाहिरातीची आहे हे गुगललाही कळतं.

सर्च कन्सोलमध्ये मला 'रिस्ट्रिक्टेड' युजर म्हणून जोड, त्यात मला काही बदलता येत नाही, फक्त बघता येतं. रविवारी सांबारवडीच्या पानाचे शोध काढून तुला पाठवते.

तुझी,
आई