ठेकेदार नको, टिकणारा भागीदार द्या : मंत्री महोदयांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

चांगदेवला पूर्णा तापीला मिळते, तिथून थोडं वरच्या अंगाला, मुक्ताईनगर तालुक्यात आमचं गाव आहे. गावात माझी पिठाची गिरणी आहे आणि गेली 6 वर्षं मी गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर आहे. आपण कामात असता हे मला समजतं, म्हणून आजवर कधी त्रास दिला नाही. पण मागच्या मंगळवारी आमच्यासह 11 गावांच्या क्षारमुक्त पाण्याच्या योजनेसाठी भागीदार निवडायची निविदा हातात पडली, आणि ती वाचून मला रात्रभर झोप लागली नाही.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत तुमच्या वतीने आलेल्या साहेबांनी माईकवर सांगितलं होतं की या वेळी ठेकेदार येणार नाही, भागीदार येणार. तो 10 वर्षं राहील, मशीन तोच बसवील, तोच चालवील, आणि पाणी बंद तर त्याचे पैसेही बंद. बायांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आता निविदेत काय आहे? देखभाल फक्त 1 वर्ष. त्यानंतर सगळी जबाबदारी ग्रामपंचायतीची. निवड सर्वांत कमी दर भरणाऱ्याची. भागीदार हा शब्द मथळ्यात एकदा आला आहे, खालच्या 40 पानांत तो कुठेही नाही. साहेब, ही आमची फसवणूक आहे.

हे मी रागाने बोलत नाही, अनुभवाने बोलते. यापूर्वीही गावात आरओ, म्हणजे खारं पाणी गोडं करायचं मशीन, बसलं होतं. शाळेमागे पत्र्याची खोली, ताशी 1000 लिटरचं मशीन, बाहेर नाणं टाकायची पेटी, 5 रुपयांत 20 लिटर पाणी. नारळ फुटला, फोटो निघाले. 14 महिने ते पाणी प्यायलो. पहिल्या आठवड्यात माझ्या सासूबाईंनी त्या पाण्यात तुरीची डाळ लावली, तर डाळ 3 शिट्ट्यांत लोण्यासारखी शिजली. आमच्या बोअरच्या पाण्यात ती 8 शिट्ट्या झाल्या तरी कणीदार राहते. कुकर उघडून म्हातारी बघत राहिली आणि म्हणाली, माझ्या सगळ्या जन्माचं सरपण या पाण्याने खाल्लं गं.

मग पाण्याची धार बारीक झाली. क्षार मेम्ब्रेनवर, म्हणजे मशीनमधल्या क्षार अडवणाऱ्या पडद्यावर, बसत गेले. ते बसू नयेत म्हणून पाण्यात जे रसायन सोडावं लागतं, त्याचा कॅन संपून महिना झाला होता आणि नवा आणायचा कोणी, हे कागदावर कुठेच नव्हतं. ठेकेदाराचं वर्ष संपलेलं. त्याला फोन केला तर तो म्हणाला, माझं बिल निघालं, आता तुमचं तुम्ही बघा. ग्रामपंचायतीकडे मेम्ब्रेन बदलायला पैसे नाहीत. तालुक्याला गेले, त्यांनी जिल्ह्याला पाठवलं. जिल्ह्याला 3 वेळा गेले, तिथे कळलं की मशीन घ्यायला पैसे होते, दुरुस्तीला नाहीत. एक दिवस गिरणी बंद ठेवली की माझे 400 रुपये बुडतात. एसटीचं भाडं वेगळं. शेवटी खोलीला कुलूप लागलं.

माझी गिरणीही मशीनच आहे. जातं टाकवावं लागतं, पट्टा बदलावा लागतो, मोटार जळली तर भरून आणावी लागते. मी ते करते, कारण गिरणी थांबली तर माझी चूल थांबते. आमचं आरओ 4 वर्षं बंद पडून आहे आणि त्यापायी एकाही माणसाचा एक रुपया अडलेला नाही. म्हणून ते बंद आहे. दुसरं काहीही कारण नाही.

आता आम्ही काय पितो ते ऐका. पूर्णेचा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं असलेला पट्टा, अमरावती, अकोला, बुलढाण्यातून उतरत आमच्यापर्यंत येतो. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालतील, असं भारतीय मानक सांगतं. गेल्या मे महिन्यात समितीच्या मीटरवर आमच्या बोअरचं पाणी 2840 दाखवत होतं. स्टीलच्या हंड्याला आतून पांढरा थर धरतो, तो खरवडायला मी जुनं उलथनं ठेवलं आहे. केसाला साबण लागत नाही. चहात दूध नासतं. ज्यांच्याकडे पैसे आहेत ते 30 रुपयांचा जार घेतात. ज्यांच्याकडे नाहीत ते हेच पितात. मजुरीवर जाणारी बाई 250 रुपयांतले 30 पाण्याला कसे देईल?

दोन वर्षांपूर्वी मला मुतखडा झाला. रात्री 2 वाजता रिक्षात आडवी पडून दवाखान्यात गेले. डॉक्टर चांगले होते. सगळं तपासून झाल्यावर म्हणाले, बाई, पाणी भरपूर पीत जा. मी त्यांच्याकडे बघत राहिले. डॉक्टर, कोणतं पाणी पिऊ? ते गप्प बसले. तो प्रश्न मी आज तुम्हाला विचारते आहे.

भागीदार म्हणजे काय हे आम्हाला शिकवावं लागत नाही. आमच्याकडे जमीन बटाईने देतात. पीक आलं तर दोघांचं, गारपिटीने केळी झोपली तर मारही दोघांना. म्हणून बटाईवाला रात्री मोटार चालू करायला स्वतः उठतो. ऑस्ट्रेलियात पर्थ शहराजवळ क्विनाना इथे 2006 मध्ये समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना सुरू झाला, तो याच रीतीने बांधला. तिथलं सरकारी पाणी महामंडळ आणि बांधणारे एकाच गटात बसले. अशा करारात खर्चाची वही दोघांसमोर उघडी असते, बचत वाटून घ्यायची आणि जास्तीचा खर्चही वाटून सोसायचा. माझा मुलगा अभियंता आहे, त्याने मला हे समजावलं. मी त्याला म्हटलं, ही तर आपली बटाईच.

त्याच देशात उलटंही झालं. मेलबर्नसाठी वॉन्थॅगीला 2012 मध्ये मोठा कारखाना पुरा झाला. करार असा की पाणी घ्या किंवा घेऊ नका, कारखाना तयार ठेवल्याचे पैसे द्यायचेच. पाऊस चांगला झाला, 2016 पर्यंत पाणी मागवायची वेळच आली नाही, आणि लोक बिलातून पैसे भरत राहिले. तेव्हा भागीदार म्हटलं म्हणजे सगळं साधलं असं मी म्हणत नाही. करारात काय लिहिलं यावर सगळं आहे. आपल्या देशातही चेन्नईजवळ मिंजूर आणि नेम्मेली इथे 2010 आणि 2013 पासून रोज प्रत्येकी 10 कोटी लिटर क्षमतेचे कारखाने उभे आहेत. मुंबईसाठी मनोरीलाही रोज 20 कोटी लिटरचा कारखाना योजला आहे. शहरासाठी वर्षानुवर्षं कारखाना चालवण्याचा करार होतो. मग आम्हाला एकच वर्ष का? आमची तहान 365 दिवसांत भागते का?

आणखी एक गोष्ट निविदेत नाही आणि ती मला सर्वांत जास्त सलते. समुद्राकाठच्या कारखान्याला उरलेलं खारट पाणी सोडायला समुद्र आहे. आमच्याकडे समुद्र नाही. जुन्या मशीनमध्ये दोन हंडे घातले की एक गोडा निघायचा आणि दुसरा दुप्पट खारा होऊन पाइपने शाळेमागच्या नाल्यात जायचा. त्या पाइपाच्या तोंडाशी दोन कडुनिंब वाळले. शेजारच्या वावराचा कोपरा पांढरा पडला, तिथे आजही कपाशी उगवत नाही. त्या शेतकऱ्याने तक्रार केली, तर आम्ही त्यालाच गावाच्या पाण्याच्या आड येतोस म्हणून बोललो. त्याचं मला अजून वाईट वाटतं. 11 गावांचं उरलेलं पाणी कुठे जाणार आहे? पूर्णेत? मग खालच्या गावांनी काय प्यायचं?

2019 च्या 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जलजीवन मिशन जाहीर झालं. 2024 पर्यंत घरोघर नळ, माणशी रोज 55 लिटर. आता मुदत 2028 वर गेली. नळ माझ्याही दारात आला आहे, पण त्याला तेच बोअरचं पाणी येतं. तुमच्या कागदावर माझं घर पूर्ण झालं. साहेब, या राज्यात बांधणाऱ्याला पैसे मिळतात, चालवणाऱ्याला मिळत नाहीत, हे माझं सगळं भांडण आहे. शाळेची खोली बांधतात, मास्तर नाही. दवाखाना बांधतात, नर्स नाही. टाकी बांधतात, वाल फिरवणाऱ्या माणसाचा पगार 7 महिने थकतो. एकदा उद्घाटन झालं की कागद मिटतो, आणि त्या कागदाच्या आत आम्ही जगतो.

ही निविदा मागे घ्या. निदान 10 वर्षं चालवणाराच निवडा आणि त्याला मशीनचे नाही, गोड्या पाण्याच्या लिटरचे पैसे द्या, मीटर बघून. मेम्ब्रेन, रसायन, वीजबिल कोण भरणार ते पहिल्या पानावर लिहा. उरलेल्या खाऱ्या पाण्याची सोय दाखवल्याशिवाय कोणालाही काम देऊ नका. आणि निवड करणाऱ्या समितीत या 11 गावांतल्या दोन तरी बाया बसवा. दराचे आकडे आम्हालाही वाचता येतात. निविदा भरायची मुदत अजून 19 दिवस आहे, म्हणजे शुद्धिपत्रक काढायला वेळ आहे.

जुन्या आरओच्या खोलीची किल्ली माझ्या गिरणीत खिळ्याला टांगलेली आहे. तुमच्या माणसाला पाठवा, मी कुलूप उघडून आत काय झालं आहे ते दाखवते. नवं मशीन त्याच खोलीत बसणार आहे म्हणतात.

आपली,
पाणीपुरवठा समितीची एक सदस्य,
पूर्णाकाठ, ता. मुक्ताईनगर, जि. जळगाव