दरडीच्या डोंगरांना पावसाळी गस्त हवी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की रायगड, रत्नागिरी, सातारा आणि पुणे जिल्ह्यांतील डोंगरपायथ्याच्या वाड्यांना सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करण्याच्या नोटिसा मिळतात. कोठे जायचे, किती दिवसांसाठी आणि गोठ्यातल्या गुरांचे काय करायचे, याचे उत्तर त्या कागदावर बहुधा नसते. त्याहून मोठी उणीव अशी की, ज्या उतारावरून दरड सुटण्याची भीती आहे त्या उतारावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत लक्ष ठेवण्यासाठी सहसा कोणाचीच नेमणूक नसते. त्याविषयीच हे पत्र आहे.

अशी देखरेख अशक्य आहे असे म्हणता येणार नाही, कारण याच सह्याद्रीत आणि याच पावसात ती गेली कित्येक वर्षे चालू आहे. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळांवर दरड आल्याने कोकण रेल्वेच्या गाडीला अपघात होऊन सुमारे ५० प्रवाशांचा मृत्यू झाला, आणि पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. त्यानंतर कोकण रेल्वेने मार्गालगतचे उभे उतार कमी केले, दगड अडवणाऱ्या जाळ्या बसवल्या, वाळ्यासारखे खोल मुळांचे गवत लावले. पण माझ्या मते खरा फरक पडला तो पावसाळी शिस्तीमुळे. पावसाळ्यात वेळापत्रकच बदलते, धोक्याच्या जागी रात्रंदिवस गस्त असते, मार्गावर पर्जन्यमापक बसवलेले असतात आणि मुसळधार पावसात गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत खाली आणण्याचे आदेश असतात. १४ जुलै २०२४ रोजी खेडजवळ दिवाणखवटी बोगद्यापाशी माती रुळांवर आली तेव्हा गाड्या जागोजागी थांबवल्या गेल्या आणि प्रवाशांचे अतोनात हाल झाले, परंतु जीवितहानी झाली नाही. दरड कोसळलीच, तरी तिच्याखाली माणूस सापडू नये, एवढ्यासाठीच ही सारी व्यवस्था आहे.

वाड्यांच्या बाबतीत हे का होत नाही? रेल्वेच्या हद्दीत रूळ, कापलेला डोंगरउतार आणि गस्त घालणारा कर्मचारी हे सारे एकाच संस्थेचे आहेत. डोंगरातल्या वाडीची स्थिती वेगळी आहे. वरचा उतार अनेकदा वनखात्याकडे, खालची घरे महसुली गावात, मधला रस्ता बांधकाम खात्याचा किंवा जिल्हा परिषदेचा आणि आपत्ती आली की सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे. वरच्या रानात पडलेली भेग गुराख्याला दिसली, तर ती त्याने कोणाला सांगायची आणि ऐकणाऱ्याने किती तासांत काय करायचे, हे कोठेही ठरलेले दिसत नाही.

दरडीचा धोका असलेल्या गावांची यादी आणि नकाशे आहेत, ते उपयोगीही आहेत. मात्र त्यांची मर्यादा इर्शाळवाडीने दाखवून दिली आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील या ठाकर वाडीवर दरड कोसळली, २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे शासनानेच सांगितले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने देशभर केलेले दरडप्रवणतेचे नकाशे १:५०,००० या प्रमाणावर आहेत, म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर हा जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. चाळीस-पन्नास घरांची वाडी त्यावर टिंबाएवढी उमटते. कोणत्या तालुक्यात अधिक लक्ष द्यावे हे असा नकाशा सांगेल, पण कोणत्या घरामागचा उतार हलतो आहे ते पायी फिरूनच कळेल.

सह्याद्रीची घडण लक्षात घेतली तर हे अधिक पटते. बेसाल्टच्या आडव्या थरांवर झिजलेल्या खडकाचा मुरूम आणि कड्यावरून शतकानुशतके घसरत आलेला दगडमातीचा ढिगारा साचलेला असतो. मुसळधार पाऊस लागून राहिला की पाणी या सैल थरात मुरते, खालच्या घट्ट कातळावर अडते, मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो आणि अखेर सगळा थर एकदम सुटतो. कड्याखालची थोडी सपाट, मातीची, झऱ्याच्या पाण्याची जागा पूर्वजांनी वस्तीसाठी निवडली यात त्यांची चूक नव्हती. पण अशी जागा अनेकदा जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यानेच तयार झालेली असते.

येथे एका गैरसमजाबद्दल लिहिणे आवश्यक वाटते. प्रत्येक दुर्घटनेनंतर वृक्षलागवडीची घोषणा होते. झाडे हवीतच, कारवी, बांबू, गवत आणि खोल मुळांची स्थानिक झाडे जमिनीची धूप थांबवतात, उथळ घसरणीला आवर घालतात, आणि उन्हाळ्यातल्या वणव्यांनी हे आच्छादन जळाले की पहिल्याच पावसात माती वाहू लागते. परंतु धूप आणि दरड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुळांचा आधार बहुतांशी वरच्या एक-दोन मीटरपुरता असतो. त्याखालून सुटणाऱ्या दरडीबरोबर झाडेही उभीच्या उभी खाली येतात. ३० जुलै २०२४ रोजी केरळमधील वायनाडमध्ये दरड सुटली ती वरच्या वनाच्छादित डोंगरातून. म्हणून घनदाट रान वर आहे एवढ्यावर खालच्या वस्तीने निर्धास्त राहू नये.

दुसरा प्रश्न समतल चरांचा, म्हणजे उताराला आडव्या, एकाच पातळीत खणलेल्या चरांचा. कमी पावसाच्या मुलखात पाणी अडवण्यासाठी चर खणणे हे अत्यंत मोलाचे काम आहे. तेच चर घाटमाथ्यालगतच्या तीव्र उतारावर, वस्तीच्या थेट वर खणले, तर जे पाणी लवकरात लवकर ओढ्यात उतरायला हवे ते आपण सैल थरात मुरवतो. अशा ठिकाणी पाणी वस्तीला वळसा घालून बाहेर नेणारे उताराचे चर हवेत, ओढ्यांची तोंडे पावसापूर्वी मोकळी हवीत आणि रस्त्यासाठी किंवा शेतासाठी डोंगराचा पायथा यंत्राने कापण्यापूर्वी भूवैज्ञानिकाची पाहणी सक्तीची हवी. जलसंधारणाची कामे तालुक्याच्या उद्दिष्टानुसार वाटताना हा भेद पुसला जातो.

पावसाच्या नोंदीचेही तसेच आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे दरडीने ८०हून अधिक बळी घेतले. स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडलनिहाय आहेत. एका मंडलात अनेक गावे येतात आणि डोंगरात दोन खोऱ्यांतल्या पावसात जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. प्रत्येक धोक्याच्या वाडीत साधा पर्जन्यमापक ठेवून शाळेतील शिक्षक, आशा सेविका किंवा पोलीसपाटील यांना त्याची नोंद घ्यायला शिकवणे फार खर्चाचे नाही. किती पाऊस झाला की वस्ती हलवायची, हा आकडा भूवैज्ञानिकांनी त्या त्या खोऱ्यासाठी आधीच ठरवून द्यावा, म्हणजे ऐन रात्री कोणाच्या आदेशाची वाट पाहावी लागणार नाही.

गस्तीसाठी नवे खातेही नको. वणव्याच्या दिवसांत वनरक्षक आणि संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांचे गावकरी जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे) काढतात आणि रानावर लक्ष ठेवतात. त्याच माणसांना जून ते सप्टेंबर मजुरी देऊन उतारावर फिरवावे. नव्या भेगा, कललेली झाडे, अचानक फुटलेला किंवा गढूळ झालेला झरा, एकाएकी आटलेला ओढा, घराच्या भिंतींना गेलेले तडे यांची नोंद ठेवावी आणि ती त्याच दिवशी तहसीलदारांपर्यंत पोहोचावी. वस्ती हलवण्याचा निर्णय तहसीलदारांनी घ्यावा, आणि गस्त व नोंदवही यांची जबाबदारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने वन परिक्षेत्र अधिकाऱ्याच्या नावाने लेखी निश्चित करावी.

आणि शेवटी निवाऱ्याबद्दल. म्हैस, बैल आणि भाताची रोपे मागे टाकून शाळेच्या एका खोलीत पंधरा दिवस राहायला कोणी तयार होत नाही, हे प्रशासनाने हट्टीपणा मानू नये. वाडीपासून चालत गाठता येईल अशा सुरक्षित जागी गोठा, चुली आणि स्वच्छतागृहांसह पक्का निवारा या मे महिन्यातच उभा राहिला, तर लोक नोटिशीविनाही तेथे जातील. त्यासाठी लागणारी गुंठाभर-दोन गुंठे जागा मोजून देण्याचे काम तरी पहिल्या पावसाआधी व्हावे, ही संबंधित जिल्हाधिकाऱ्यांना आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती.

आपला,
एक वाचक, महाड (जि. रायगड)