विषय: स्टॅनवेल पार्क येथे न झालेल्या हँग ग्लायडिंगचे पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, पुणे कार्यालय

महोदय,

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा मैत्रिणी आपल्या कंपनीच्या ऑस्ट्रेलिया सहलीला गेलो होतो. सिडनीच्या दक्षिणेला स्टॅनवेल पार्क इथे समुद्रकाठी हँग ग्लायडिंग, हा त्यातला जादा पैसे भरून घेतलेला दिवस. माणशी २४,००० रुपये, म्हणजे सहा जणींचे १,४४,००० रुपये आम्ही निघण्याआधीच भरले. एकीचंही उड्डाण झालं नाही. परत आल्यावर पैसे मागितले, तर आपल्याकडून एका ओळीचं उत्तर आलं: 'हवामानामुळे उपक्रम रद्द, परतावा लागू नाही.' ते उत्तर आम्हाला मान्य नाही. त्या दिवशी काय घडलं ते सविस्तर लिहिते, कारण ते आपल्यापर्यंत पोचलेलंच नाही असं दिसतं.

ऑपेरा हाऊस आणि ब्लू माउंटन्स सगळ्याच कंपन्या दाखवतात. आम्ही आपली सहल घेतली ती केवळ या एका दिवसासाठी. आमच्यातली एक भौतिकशास्त्र शिकवायची. याच किनाऱ्यावर ऑस्ट्रेलियन संशोधक लॉरेन्स हारग्रेव्ह यांनी १२ नोव्हेंबर १८९४ रोजी चार पेटी-पतंग एकाला एक जोडून स्वतःला सोळा फूट वर उचलून घेतलं होतं, हे ती आम्हाला कॉलेजात असल्यापासून सांगत आली आहे. दुसरीने कामशेतला पॅराग्लायडिंगचं रीतसर शिक्षण घेतलं आहे. वारा म्हणजे काय हे तिला कळतं, आणि या तक्रारीत तो मुद्दा महत्त्वाचा आहे.

सकाळी साडेदहाला आम्ही बाल्ड हिलवर, म्हणजे जिथून उड्डाण होतं त्या स्टॅनवेल पार्कच्या टेकडीवर, पोचलो. खाली गावाची खाडी, त्यापलीकडे दूरवर सी क्लिफ पुलाच्या दिशेने गेलेले कडे, सगळं स्वच्छ उन्हात. पण वारा पश्चिमेचा होता, आमच्या पाठीमागून, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. आम्हाला सोबत घेऊन उडणार असलेल्या पायलटने शांतपणे समजावून सांगितलं. समुद्रावरून आलेला वारा कड्याला धडकून वर चढतो आणि त्या चढत्या हवेवर ग्लायडर तरंगतो. जमिनीकडचा वारा कड्यावरून खाली कोसळतो, त्यात भोवरे असतात, अशा वेळी उडायचं नाही. त्याने नकार दिला हे योग्यच केलं. त्याच्याबद्दल आमची काडीचीही तक्रार नाही.

पुढे तो काय म्हणाला ते मात्र आपल्या टूर मॅनेजरने आपल्याला कळवलेलं दिसत नाही. दुपारी समुद्रावरून दक्षिणेचा वारा येणार असा अंदाज आहे, त्याचा पहिला जोर ओसरला की उडता येईल, तुम्ही थांबा, असं त्याने सर्वांसमोर सांगितलं. आम्ही आनंदाने थांबायला तयार होतो. वेळ वाया जाऊ नये म्हणून त्याने गवतावर आमच्याकडून तयारीही करून घेतली. हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) चढवला, ग्लायडरला अडकवून आडवं टांगून पाहिलं, ग्लायडरच्या हातात धरायच्या दांड्यापासून शरीर किती उंचीवर राहतं ते तपासलं. मग त्याच्या खांद्याला धरून उतारावर पळायचा सराव झाला. 'उडी मारायची नाही, बसायचं नाही, पायाखाली जमीन असेपर्यंत पळत राहायचं,' हे त्याने प्रत्येकीकडून वदवून घेतलं. आमच्यातल्या सर्वात मोठ्या मैत्रिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. डॉक्टरांची परवानगी घेऊन, सहा महिने व्यायाम करून ती आली होती. ती त्या उतारावर न अडखळता पळाली. तेव्हा तिचा चेहरा आपण पाहायला हवा होता.

पावणेबाराला टूर मॅनेजरने निघायला सांगितलं. वोलाँगाँगला जेवणाचं बुकिंग आणि त्यानंतर खरेदीची वेळ ठरली होती, असं कारण दिलं. आपल्या छापील कार्यक्रमपत्रिकेत त्या तारखेपुढे 'पूर्ण दिवस: हँग ग्लायडिंग' असं आहे. खरेदीचा त्यात उल्लेखही नाही. आम्ही जेवण सोडायला तयार होतो, आम्हा सहा जणींना इथेच राहू द्या, संध्याकाळी ट्रेनने सिडनीला येतो, असंही सुचवलं. 'ग्रुप सोडता येणार नाही,' एवढंच उत्तर मिळालं.

अडीचच्या सुमारास खरेदी केंद्राच्या पार्किंगमध्ये एकदम गारवा आला. तिथल्या झेंड्यांनी दिशा बदलली. कामशेतवाली मैत्रीण म्हणाली, 'वारा फिरला.' सव्वातीनला तिच्या फोनवर पायलटचा संदेश आला की उड्डाणं सुरू झाली आहेत, येत असाल तर जागा आहे. स्टॅनवेल पार्क तिथून साधारण अर्ध्या तासावर. तो संदेश आम्ही टूर मॅनेजरला दाखवला. त्याने तो वाचला आणि ड्रायव्हरची वेळ संपत आल्याचं सांगितलं. त्यानंतर बस तासभर तिथेच उभी होती.

म्हणजे हवामानामुळे काहीही रद्द झालं नाही. आम्हाला तिथून हलवण्यात आलं.

यापेक्षाही गंभीर गोष्ट पुढे आहे. ही उड्डाणं करवणाऱ्या तिथल्या स्थानिक संस्थेला आम्ही पत्र लिहून विचारलं. ज्या प्रवाशाचं उड्डाण होत नाही त्याचे पैसे ते घेत नाहीत आणि आमच्या सहा जणींचे पैसे त्यांनी आपल्याकडून घेतलेले नाहीत, असं त्यांनी लेखी कळवलं आहे. मग आमचे १,४४,००० रुपये आहेत कुठे? जी सेवा आम्हाला मिळाली नाही आणि जिच्यासाठी आपण कोणाला एक पैसाही दिला नाही, तिची रक्कम ठेवून घेण्याचा अधिकार आपल्याला कोणत्या अटीने मिळतो, ते आम्हाला लेखी कळवावं.

ही पूर्ण रक्कम पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत आमच्या खात्यात जमा करावी. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या मैत्रिणीची कंपनीने लेखी क्षमा मागावी, हीही आमची मागणी आहे आणि ती आम्ही सोडणार नाही. तसं न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीच्या मुद्द्यावर आम्ही पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि आम्ही सगळ्या पुण्यातच राहतो.

पावत्या, कार्यक्रमपत्रिका, पायलटच्या संदेशाची वेळेसह प्रत आणि स्थानिक संस्थेचं पत्र सोबत जोडलं आहे. सहा जणींच्या सह्या वेगळ्या कागदावर आहेत.

आपली,
सहा जणींच्या वतीने, एक ग्राहक