मूठभर म्हणजे नेमके किती?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला सुकामेव्यावरचा लेख वाचला. बदाम, अक्रोड, पिस्ते सगळे आले. आमच्या स्वयंपाकघरात रोज लागणारे शेंगदाणे तेवढे राहिले. दाणा खरे तर हरभऱ्या-वाटाण्याच्या भावकीतला, हे मान्य. पण पोषणाच्या पंगतीत तो बदामाशेजारीच बसतो. १०० ग्रॅम दाण्यांत साधारण २५ ग्रॅम प्रथिने, बदामात २१. स्निग्धांश दोन्हींत निम्म्याच्या आसपास, त्यातला बराचसा असंतृप्त, म्हणजे हृदयाला तुलनेने बरा. अक्रोडातले ओमेगा-३ हे हृदयाला चांगले मानले जाणारे स्निग्धाम्ल दाण्यात नाही, तो मान अक्रोडाचाच.

आता 'मूठभर' या शब्दाविषयी. आमच्या ह्यांचे कोलेस्टेरॉल वाढले तेव्हा डॉक्टरांनी मूठभर सुकामेवा खायला सांगितला. ह्यांनी तो रात्री जेवण झाल्यावर, बातम्या बघत, वाटीतून सुरू केला. तोही तळलेला खारा काजू! महिन्याने वजन दीड किलो वर. मग मी वजनकाट्यावर ३० ग्रॅम दाणे मोजून दाखवले. लहान वाटी अर्धीसुद्धा भरली नाही. एवढ्याशा दाण्यांत सुमारे १७० कॅलरी, म्हणजे जवळपास एक मध्यम ज्वारीची भाकरी. हृदयविकार टाळण्यासाठीच्या आहारावर स्पेनमध्ये झालेल्या गाजलेल्या 'प्रेडिमेड' अभ्यासातही सुकामेवा दिवसाला ३० ग्रॅमच होता, आणि सोबत भाज्या, डाळी, मासे असा सगळा आहार होता. आता आमच्याकडे चार वाजताची बिस्किटे बंद झाली आणि त्या जागी बिनमिठाचे भाजके दाणे आले. जेवणावर वाटी नाही.

उपवासाला मात्र आपण उलटेच करतो. साबुदाण्यात कूट, आमटी दाण्याची, वर दाण्याचा लाडू, आणि संध्याकाळी म्हणायचे, आज काही खाल्लेच नाही.

लेखात साठवणुकीवरही काही हवे होते. दमट हवेत दाण्याला बुरशी लागते, त्यातून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होते आणि ते भाजूनही पुरते जात नाही. म्हणून काळपट, सुरकुतलेले, कडवट दाणे निवडून फेकायचे. माझी आई परातीत दाणे पसरून एकेक बघायची. तेव्हा आम्हाला तिचे हसू यायचे. गेल्या पावसाळ्यात मी आयता कूट आणला, पुडा उघडताच खवट वास. परत करायला गेले तर दुकानदार म्हणतो, "काकू, कालच आलाय माल."

आपली,
एक वाचक, कराड