हो नदीवरचा मासा

रेडमंड, 9 मार्च

प्रिय बंड्या,

दिवाळीनंतर तुला ना पत्र, ना फोन. रागावला असशील, आणि ते बरोबरच आहे. तब्येत ठीक. गुडघा थंडीत कुरकुरतो, बाकी काही नाही. आज लिहायला बसलो ते शनिवारच्या एका गोष्टीमुळे. ती सांगायची तर हरिपूरच्या घाटावर माझ्याशेजारी गळ टाकून बसलेल्या माणसालाच.

मासा लागला. स्टीलहेड! नदीचं नाव ‘हो’, आणि चार हिवाळे नुसती ‘नाही’ म्हणत होती.

तुला माहीत आहेच, हा रेनबो ट्राउटच, पण समुद्रात वाढून नदीत परतणारा. आणि सॅमन अंडी घालून मरतात, तशी ही जात सरसकट मरत नाही. काही वाचतात, समुद्रात जातात, पुन्हा येतात. हिवाळ्यात नदीत शिरल्यावर फारसं खातही नाहीत. आमिषाला तर बंदीच आहे. 13 फुटी काठी दोन्ही हातांनी फिरवून फ्लाय, म्हणजे पिसं बांधलेला गुलाबी गळ, पलीकडे फेकायचा आणि प्रवाहाबरोबर आडवा झुलवत काठाकडे आणायचा. मासा भुकेने नाही, चिडून झडप घालतो म्हणतात. तुझे अण्णा रेडिओ बंद केला की अंगावर यायचे, अगदी तसा.

पण खरी गोष्ट रांगेची आहे. इथे नदीच्या एकेका पट्ट्याच्या वरच्या टोकाला पाण्यात उतरायचं. एक फेक, दोन पावलं खाली, पुन्हा फेक. मागून येणारा वरून रांगेत लागतो. कुणाच्याही खालच्या पाण्यात, म्हणजे तो ज्या पाण्याकडे निघालाय तिथे, मध्येच उतरायचं नाही. याला लो-होल करणं म्हणतात, आणि काठावर यापेक्षा वाईट शिवी नाही.

आणि गर्दी म्हणशील तर गौरी-गणपतीच्या आदल्या दिवशीचा बाजार. सिएटलकडच्या प्युजेट साउंड खाडीचे स्टीलहेड 2007 पासून संकटग्रस्त यादीत आहेत. तिकडच्या नद्या बंद झाल्या की सगळ्या गाड्या हो नदीजवळच्या फोर्क्स गावाच्या वाटेला लागतात. इकडचेही मासे कमीच होत चाललेत. म्हणून 2020 च्या हिवाळ्यात किनाऱ्यावरच्या नद्यांत होडीत बसून मासेमारी बंद केली. नियम योग्यच होता, मला पटला. पण होडीतली माणसंही मग वाळूवर उतरायला लागली. मी रात्री 2 ला घर सोडलं, तरी पोचलो तेव्हा अंधारात 14 गाड्या आधीच उभ्या.

11 च्या सुमाराला एका पट्ट्यावर हिरव्या जॅकेटातले एक म्हातारे गृहस्थ सावकाश खाली सरकत होते. त्यांच्या खाली चाळीसेक पावलांवर एक मोठा खडक, आणि खडकामागे पाणी तेलासारखं संथ. ते तिथवरच येत होते, कुणालाही कळलं असतं. तेवढ्यात वरून एक होडी येताना दिसली. मला वाटलं, ही माणसं आता नेमकी तिथेच उतरणार. मी झाडीतून वळसा घातला आणि खडकापाशी पाण्यात उतरलो.

तिसरी फेक. दोरी जड झाली, ओलं पोतं अडकावं तशी. मग रीळ किंचाळायला लागलं.

बंड्या, काय मासा होता! दहाएक पौंडांचा, नुकत्याच घासलेल्या पातेल्यासारखा लखलखीत. पाठीवरचा छोटा पर शाबूत, म्हणजे अस्सल जंगली. हॅचरीत, म्हणजे पैदास केंद्रात वाढवलेल्यांचा तो कापलेला असतो. जंगली मासा पाण्याबाहेर काढायचा नाही, म्हणून गुडघाभर बर्फगार पाण्यात वाकून त्याची शेपटी धरून उभा राहिलो. कल्ले हळूहळू उघडत-मिटत होते. गळाला उलटा काटा नसतो, तो आपसूक सुटला. एक फटका मारून मासा गेला, आणि माझ्या तोंडावर पाणी उडालं.

वर पाहिलं तर ते गृहस्थ दोरी गुंडाळून उभे. ‘वाइल्ड?’ एवढंच विचारलं. मी मान हलवली. ‘गुड,’ म्हणाले, आणि वाळूवरून गाडीकडे निघून गेले. होडी कुठेच थांबली नव्हती, सरळ खाली गेली होती.

चार दिवस झाले, झोप नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. हिला सांगितलं, तर म्हणाली, ‘मासा सोडलास ना, मग?’ तिला कसं समजावणार? आठवीत तू पहाटेपासून कणकेचे गोळे टाकून जागा धरली होतीस. चहा आणायला गेलास, तेवढ्यात मी तुझ्या जागेवर बसलो आणि वाम मला लागली. तू गणपतीपर्यंत बोलला नव्हतास. ‘नदी काय कुणाच्या नावावर असते?’ असं मी इतकी वर्षं तुलाच ऐकवत आलो. आज मान्य करतो, ती जागा तुझी होती. वामही तुझीच.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? चिऊची दहावी ना यंदा? तिला माझे आशीर्वाद सांग. आयर्विन पुलाचा फोटो पाठवणार होतास, तो राहिलाच.

हंगाम महिनाअखेर संपतो. पाणी उतरलं की शनिवारी परत जाणार आहे. ती गाडी दिसली तर थांबेन म्हणतो, पण पुढे काय बोलू ते सुचत नाही. त्या दिवशी तू चहाचे दोन ग्लास हातात धरून घाटाच्या पायऱ्यांवर उभा होतास. मी काय बोललो असतो तर तू तेव्हाच बोलला असतास? शनिवारच्या आत लिही.

तुझाच,
सुन्या