पास आला होता

पुणे, 12 मे 2020

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र कागदावर लिहून त्याचे फोटो पाठवतेय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तरी बाबा, चष्मा लावा आणि मोठ्याने वाचा, म्हणजे आईला ओट्यापाशी ऐकू जाईल. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आई नुसतं ‘बरं’ म्हणते. तुझं ते ‘बरं’ ऐकलं की माझं पुढचं सगळं बोलणं घशातच राहतं.

आधी सांगून टाकते. लॉकडाउनमध्ये तुमच्याकडे इंदूरला यायचा पास परवा आला. गाडीचा नंबर, आम्हा चौघांची नावं, सगळं बरोबर होतं. डॉक्टरांचे दाखलेही घेऊन ठेवले होते. आणि काल रात्री ठरलं की यायचं नाही. ठरलं म्हणजे मीच ठरवलं. तुमच्या जावयांनी तर टायरमध्ये हवासुद्धा भरून आणली होती, त्यांना बोल लावू नका.

रस्ता तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. जवळजवळ सहाशे किलोमीटर. नाशिकच्या पुढे मालेगाव लागतं, तिथल्या कोरोनाचं तुम्ही पेपरात वाचताच. मग धुळं, शिरपूर, आणि सेंधव्याच्या अलीकडे बिजासनीचा घाट. तिथे सीमेवर हजारो मजूर अडकलेत, पोरंबाळं डोक्या-खांद्यावर घेऊन आग्रा रोडने चालतायत. टीव्हीवर ते बघितल्यावर एसी लावून त्यांच्या शेजारून जायचं मनात आणवेना. वाटेत ढाबे बंद. धाकट्याला दर दोन तासांनी ‘लागते’. मुलांना कुठे उतरवायचं? बरं, पोचलो तरी चौदा दिवस वेगळं राहायचं. आपल्या घरात न्हाणीघर एक, संडास एक. माडीवर तो मुलगा राहतो. दारावर कागद चिकटवून जातील आणि गल्लीतल्या बायका पलीकडच्या बाजूने चालायला लागतील, ते वेगळंच. आमच्या सोसायटीतही एक जण सापडलाय. घाबरू नका, तो सी विंगमध्ये आहे, आम्ही ए मध्ये. आमची लिफ्टसुद्धा वेगळी. आम्हाला काही होत नाहीये, पण या रोगाचं तेच वाईट आहे ना, ज्याला काही होत नाही तोही दुसऱ्याला देऊन जातो.

बाबा, आजपासून रेल्वे सुरू झाली हे तुम्ही वाचलं असेलच आणि लगेच आईला सांगितलंही असेल. त्या गाड्या दिल्लीहून पंधरा ठिकाणी जाणाऱ्या आहेत. त्यात इंदूर नाही आणि पुणंही नाही. तेव्हा उगाच टाइमटेबल काढून बसू नका.

एवढी कारणं दिलीस म्हणजे खरं काहीतरी वेगळंच आहे, असं आई मला लहानपणी म्हणायची. अजूनही तसंच आहे गं. पण ते थोड्या वेळाने लिहिते.

आता तुमच्याकडचं. माडीवरच्या मुलाशी मी बोलले आहे, तुम्हाला न विचारता. परीक्षेचा अभ्यास करतोय, भंवरकुव्याचे क्लास बंद, घरी जाता येत नाही, मेस बंद. आई त्याला दोन वेळा जेवायला घालते हे तू सांगितलं नाहीस, त्यानेच सांगितलं. तर आजपासून दूध, औषधं, पीठ, सगळं तो आणणार. पैसे मी त्याच्या खात्यात टाकते. तो नाही म्हणत होता. मी म्हटलं, मग आईने जेवण बंद केलं तर चालेल का? तेव्हा ऐकलं. कूलरच्या गवताच्या जाळ्याही त्यानेच उलट्या करून बसवल्यात, मला फोटो पाठवलाय. नवीन जाळ्या दुकानं उघडल्यावर. तोवर वाळ्याचा वास नसेल, पण हवा येईल. मागच्या खोलीतला पंखा आवाज करतो, तो रात्री लावू नका, पुढच्या खोलीतच झोपा दोघं. सिलिंडर मी इथून बुक केलाय. टीव्हीचं आणि दोन्ही फोनचं रिचार्ज ऑगस्टपर्यंत केलंय, त्यामुळे ‘बॅलन्स संपेल, ठेव आता’ हे कारण आईला चालणार नाही.

पेन्शनची काळजी बाबा करतायत हे मला माहीत आहे. बँकेच्या रांगेत उभं राहायचं नाही. खातं आधारला जोडलेलं आहे, पोस्टमन घरी येऊन पैसे देतो, आईच्या मैत्रिणीकडे दिले तसे. त्याच्या मशीनवर अंगठा लावून झाला की लगेच साबणाने हात धुवा. पासबुक छापून आणलं नाही तर वीज मंडळाचं पेन्शन परत जात नाही, बाबा. खरंच जात नाही.

बाईचा पगार चालू ठेवलात, फार बरं केलंत. तिला अजून बोलावू नका, तिच्याही घरी सासू आहे. आणि बाबा भांडी घासतात हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी तो इथे सगळ्यांना सांगितला. आई, ते साबण जास्त घेतात म्हणून तू पुन्हा घासतेस, ते बंद कर. तुझे गुडघे आता एवढ्यावर थांबले आहेत ते तसेच राहू देत. स्वयंपाक साधा कर. भाजी पूर्ण बंद होती तेव्हा तू सांडगे, कुळथाचं पिठलं आणि वाळवलेली मेथी यांच्यावर महिना काढलास, कचऱ्याच्या गाडीवाल्याला किराण्याची यादी लिहून दिलीस आणि त्यातही जिरं ‘चांगलं बघून’ असं लिहिलंस. तुला मी काय शिकवणार? चैत्रगौरीला कैरी मिळाली नाही म्हणून डाळीत लिंबू पिळलंस, तेव्हा फोनवर तू हसत होतीस. पण गौरीपुढे एकही बाई आली नाही, असं तुझ्या लग्नापासून पहिल्यांदाच झालं. मला ते कळलं होतं गं, तेव्हा बोलले नाही एवढंच.

आता खरं लिहिते. बाबा, इथून पुढचं आईला मोठ्याने वाचून दाखवू नका हवं तर.

भाऊकाका गेले त्या दिवशी मी तुम्हाला फोनवर काय काय बोलले, ते मला शब्द न् शब्द आठवतं. रामबागेतून लोकमान्यनगर ते काय लांब! तुम्ही धोतर नेसून दारात उभे होतात. माडीवरचा मुलगा स्कूटर काढायला तयार होता. आणि मी इथे बसून ओरडले, की तुमची शुगर, तुमची अँजिओप्लास्टी, तुम्ही गेलात तर मी पुन्हा बोलणार नाही. तुम्ही एकदाच म्हणालात, “अगं, मला नुसतं लांबून बघायचंय.” मी तेही नको म्हटलं. पंचकुइयाच्या स्मशानात चार माणसं गेली. तुम्ही गच्चीवर जाऊन त्या दिशेला तोंड करून किती वेळ उभे होतात, ते आईने मला आठवड्याने सांगितलं. चहा गार झाला, एवढंच ती म्हणाली.

काकांना कोरोना नव्हता, हृदयाचं होतं. तुम्ही गेला असतात तर कदाचित काहीच झालं नसतं. हे मला त्या दिवसापासून रोज वाटतं. तरी पुन्हा तीच वेळ आली तर मी तेच सांगेन, पण ओरडणार नाही. चुकलं माझं ते.

तेव्हा पास हातात आल्यावर मनात आलं, की सख्ख्या भावाला लांबूनसुद्धा बघायला तुम्हाला जाऊ दिलं नाही, आणि मी मात्र गाडी काढून सहाशे किलोमीटर येऊन तुमच्या गळ्यात पडायचं? कशासाठी? तर माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून. आणि पाचव्या दिवशी बाबांना खोकला आला तर? मी पासाकडे बघत बराच वेळ बसले होते. मग रद्द केला.

तुम्ही रागावला असाल तर रागवा. पण बाबा, तुम्हालाही पटतं हे मला माहीत आहे. 22 मार्चला तुम्ही दोघांनी गॅलरीत थाळी वाजवलीत, आणि नंतर लोक राजवाड्यावर नाचायला जमले ते टीव्हीवर दिसल्यावर तुम्हीच म्हणालात, “ही काय गेर आहे काय?” यंदा रंगपंचमीची गेर, आपली ती रंगांची मिरवणूक, रद्द झाली तेव्हा तुमच्याइतकं कुणी हळहळलं नसेल, तरी त्या गर्दीवर सगळ्यात जास्त तुम्हीच चिडलात.

मला परवापासून सारख्या कांजिण्या आठवतायत. मी दुसरीत होते. आईने मागच्या खोलीत कडुलिंबाचा पाला अंथरला होता आणि दादाला आजोळी धाडलं होतं. बाबांना लहानपणी कांजिण्या आल्या नव्हत्या, म्हणून त्यांनी उंबरा ओलांडायचा नाही असं आजीने बजावलं होतं. मग ऑफिसमधून आले की ते उंबऱ्याबाहेर सतरंजी टाकून बसायचे, मी आत पाल्यावर. जमिनीवरून पत्ते सरकवून आम्ही भिकार-सावकार खेळायचो. बाबा रोज भिकारी व्हायचे. रोज कसं कुणी हरतं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. खाज सुटली की मी रडायचे आणि बाबा बाहेरून फुंकर घालायचे, तीन हातांवरून. ती पोचायची, अगदी खरं सांगते.

28 मार्चपासून रोज सकाळी नऊ आणि रात्री नऊ रामायण असायचं, म्हणून मी तुम्हाला साडेदहाला फोन करायचे. आता ते संपलं. तर आजपासून रात्रीचे नऊ माझे. व्हिडिओ कॉल, आणि पत्ते घेऊन बसा. धाकट्याला भिकार-सावकार शिकवलंय. तो तुमच्यासारखा दिलदार नाही, हरला की फोन उलटा ठेवतो.

आता सूचना. वैतागू नका, ऐका.

बाबा, दूध आणायला म्हणून पहाटे खाली जाऊन तुम्ही जोशांच्या ओट्यावर बसता, त्याचा फोटो माझ्याकडे आलाय. मास्क हनुवटीवर होता. कुणी पाठवला ते विचारू नका, त्याला जेवायला द्यायचं आहे. आजपासून ओटा बंद. फिरायचं ते गच्चीवर, उन्हं यायच्या आत, चप्पल घालून. सांची दुधाची पिशवी धुवा, पण निरम्याने नको, साध्या पाण्याने पुरे. पेपरला इस्त्री करायची काही गरज नाही, मागच्या आठवड्यात तुम्ही क्रीडा पान जाळलंत. काढा दिवसातून एकदाच. तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका हे ठीक, पण तुम्ही मिरी मुठीने टाकता आणि मग छातीत जळजळतं, आणि मग आई इथे फोन करून ‘छातीत दुखतंय’ म्हणते. माझं काय होत असेल? मलेरियाच्या त्या गोळ्या कुणीही आणून दिल्या तरी घ्यायच्या नाहीत, तुमच्या हृदयाला तर नाहीच नाही. साखर सोमवारी आणि गुरुवारी तपासायची आणि आकडा मला खरा सांगायचा. आपल्या डॉक्टरांशी मी बोलून ठेवलंय, ते व्हिडिओवर बघतात. ताप, खोकला किंवा दम लागला, वास येईनासा झाला, तर ‘बघू उद्या’ नाही, त्याच मिनिटाला मला फोन. रात्री दोन वाजता असला तरी.

आई, 5 जूनला वटपौर्णिमा आहे. वडापाशी जायचं नाही. पाटावर वड काढ आणि त्याला सूत गुंडाळ, देवाला चालतं. आणि नर्मदेचं पाणी एक दिवसाआड पहाटे येतं ते तू भरायला उठू नकोस, बाबांना उठव, तसेही ते जागेच असतात. कळशी अर्धीच भरायची. पूर्ण भरलेली दिसली तर मी रागावेन. नर्मदा आणि मी 1978 मध्ये एकदमच इंदूरला आलो म्हणून माझं नाव रेवा ठेवलंत ना? मग निदान पाण्याच्या बाबतीत तरी माझं ऐका.

दादा तिकडून रोज फोन करतोच. तो परदेशातून रडतो आणि मी जवळ असून येत नाही, असं मनात आणू नका. पास पुन्हा काढता येतो. दोन्ही गावं रेड झोनमधून बाहेर आली, की मी पहिल्यांदा चौदा दिवस इथेच घरात बसेन, कुणाला भेटणार नाही, आणि मग येईन. तोवर काकूला तुम्ही दोघं रोज फोन करा. बाबा, तिला तुमचा आवाज काकांसारखा वाटतो. ती तसं बोलली मला. म्हणून तुम्ही टाळत असाल तर टाळू नका.

मुलांचा साष्टांग नमस्कार. जावयांचा नमस्कार, आणि त्यांनी विचारलंय की पोह्यांवरचा जीरावण मसाला संपलाय तो कधी पाठवताय.

तुमची,
रेवा

ता. क. आई, मी येणार म्हणून तू शंकरपाळे केलेस, हे मला तुझ्या ‘काही नाही गं, सहजच’ यावरून कळलं. अर्धे माडीवर दे. उरलेले पितळी डब्यात भर आणि वर फडकं बांध. महिनाभर टिकतात असं तूच सांगतेस. बाबांना एका वेळी दोनच.